नावाखालची ओळ

"नावाखाली एमडी टाका ताई," मिस्त्री म्हणाले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप आहे. ते स्वतः, धाकटा भाऊ आणि दोन पोरं, एवढाच कारभार. पुढच्या आठवड्यात शिरोलीला उद्योजकांचा मेळावा होता, तिथं वाटायला पाचशे व्हिजिटिंग कार्डं हवी होती. मी संगणकावर त्यांचं नाव टाकलं आणि खालच्या ओळीशी हात थांबवला. विचारलं, "मिस्त्री, अनोळखी माणूस पहिल्यांदा फोन करतो, तेव्हा काय म्हणतो तुम्हाला?"

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणतो, ते जुनं लेथ मापात आणणारं मिस्त्री तुमीच काय?"

मी खालच्या ओळीत तेच लिहिलं. 'जुनी लेथ मापात आणणारा मिस्त्री.' त्यांना ते कमीपणाचं वाटलं. घरी जाऊन मुलाला दाखवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, "काकू, तसंच छापा."

लेथचं हे दुखणं ज्यांनी वर्कशॉप पाहिलंय त्यांना ठाऊक असतं. बहुतेक काम चकच्या जवळच होतं. कॅरेज वर्षानुवर्षं तेवढ्याच पट्ट्यात मागंपुढं फिरते आणि बेड तेवढ्याच जागी जास्त घासला जातो. मग कारागीर कितीही हुशार असला तरी जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक येतो. नवं मशीन घ्यायचं तर लाखांचा मामला. आमचे मिस्त्री तो बेड पुन्हा सरळ करून देतात, डायल लावून दाखवतात आणि मगच पैसे घेतात. त्यांचं हे सगळं काम 'एमडी' या दोन अक्षरांत कुठंच नव्हतं. 'मापात' या एका शब्दात मात्र होतं, कारण ज्याचं लेथ बिघडलंय तो दिवसभर त्याच शब्दाशी झगडत असतो.

मेळाव्यानंतर त्यांना इचलकरंजीहून एक फोन आला. फोन करणारा मेळाव्याला आलाच नव्हता. त्याच्या मेहुण्यानं कार्ड घेतलं होतं, ते हरवलंही होतं, पण त्याला ओळ आठवत होती. मला या धंद्यात जे काही कळलंय ते या एका फोनात आहे. आपला हुद्दा आपण ज्याला सांगतो त्याच्यासाठी नसतो. तो पुढं तिसऱ्याला सांगेल, त्या तिसऱ्यासाठी असतो.

माझे वडील जुळारी होते. हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, हातातल्या पट्टीवर उलटे लावायचे, ओळ घट्ट बसवायची, ती चौकटीत आवळून ट्रेडलवर चढवायची, हे जुळाऱ्याचं काम. मंगळवार पेठेत आमचा छापखाना होता, अजून तिथंच आहे. ट्रेडल गेलं, पण अक्षरांच्या लाकडी केसेसपैकी दोन मी ठेवल्या आहेत. वडिलांच्या काळात मोठ्या टाइपाचे खिळे मोजके असत. हुद्दा लांबला की एखादं अक्षर कमी पडायचं. मग गिऱ्हाइकाला विचारून शब्द कमी करावे लागत. कार्डावर 'वकील', 'भांडी व्यापारी', 'शिवणकाम' एवढंच यायचं. साडेतीन इंच बाय दोन इंचाच्या त्या पुठ्ठ्यावर मोकळी जागा भरपूर राहायची.

संगणक आला आणि अक्षर फुकट झालं. तेव्हापासून नावाखालची ओळ वाढतच गेली. एकट्यानं चालवलेल्या झेरॉक्सच्या दुकानाला मॅनेजिंग डायरेक्टर लाभला. विमा विकणारे 'वेल्थ मॅनेजर' झाले, घरं दाखवणारे 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' झाले, आणि 'सोल्युशन्स' हा शब्द तर मी एका वर्षात एवढ्या वेळा छापला की तो कशाचा आहे हे विचारायचंच सोडलं. यात मला माणसांचा खोटेपणा दिसत नाही. चार लोकांत उभं राहताना आपण लहान दिसू, ही भीती असते. ती भीती खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. मात्र मोठा शब्द घेतला की आपण त्याच शब्दाच्या गर्दीत जाऊन उभे राहतो, हेही तितकंच खरं.

मीही तिथं उभी राहिले आहे. व्यावसायिकांच्या एका गटाच्या बैठकीला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा प्रत्येकाला ओळख करून द्यायला एक मिनिट होतं. अशा गटांत बहुधा एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात आणि सभासद एकमेकांकडं काम पाठवतात. म्हणजे तुमची ओळख नीट बसली तर खोलीतली सगळी माणसं तुमच्यासाठी बोलणारी होतात. मी म्हणाले, "आम्ही संपूर्ण प्रिंटिंग सोल्युशन्स देतो." उरलेल्या वेळात, घड्याळ दिसत असल्यामुळं घाईघाईनं, एक घटना सांगितली. एका लग्नपत्रिकेत वार आणि तारीख जुळत नव्हते, ते मी छपाईआधी पंचांग काढून पकडलं होतं. महिन्याभरानं एका बाईंचा फोन आला, "पत्रिकेतली चूक पकडणाऱ्या ताई तुम्हीच ना?" माझं नाव त्यांना आठवत नव्हतं. छापखान्याचंही नाही. सोल्युशन्स तर नाहीच नाही.

असं का होतं, याचा मानसशास्त्रात अभ्यास झालेला आहे. १९८७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचं आडनाव व व्यवसाय सांगितला. यातली गंमत अशी की काही शब्द दोन्हींकडं चालणारे होते. इंग्रजीत 'बेकर' आडनावही आहे आणि पाव भाजणाराही बेकरच. नंतर चेहरे पुन्हा दाखवल्यावर व्यवसाय म्हणून सांगितलेला 'बेकर' लोकांना आडनाव म्हणून सांगितलेल्या 'बेकर'पेक्षा कितीतरी जास्त वेळा आठवला. शब्द एकच, अक्षरं तीच. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 'पोतदार' हे आडनाव विसरायला होईल, पण पेढीवर बसून नाणी पारखणारा माणूस विसरणार नाही. व्यवसाय म्हटला की डोळ्यांपुढं हात येतात, हत्यारं येतात, वास येतो. नुसत्या नावाला धरायला असं काही नसतं.

म्हणून आता कार्ड छापायला कोणी आलं की मी त्यांना स्वतःचा मोबाइल काढायला सांगते. त्यातली नावं बघा म्हणते. 'शेगडीवाले दादा', 'सुनील बोअरवेल', 'टाकी साफ', 'आईचे गुडघे डॉक्टर'. आपण सगळे माणसं अशीच साठवतो. मग मी विचारते, तुमचं नाव दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये काय म्हणून असेल? तिथं 'कन्सल्टंट' कोणी लिहीत नाही. जे लिहिलं जाईल, तोच तुमचा चालता हुद्दा. तो आवडला नाही तर बदलायला मेहनत करा, पण आधी तो ओळखा.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, कारण आपल्या गावातच याचं मोठं उदाहरण आहे. बाबूराव मेस्त्री १८९० मध्ये इथं जन्मले. आतेमामे भाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पुढं बाबूरावांनी इथंच चित्रपटाचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. व्ही. शांताराम याच कंपनीत काम शिकले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटल्याचं सांगतात, आणि 'कलामहर्षी' हा मान तर त्यांच्या नावाआधी आजही लावतात. पण ज्या शब्दाशिवाय ते ओळखूच येणार नाहीत, तो शब्द 'पेंटर'. पडदे रंगवणाऱ्याचा साधा शब्द, जो गावानं आडनावाच्या जागी नेऊन बसवला. मेस्त्री हेही मुळात कारागिराचंच नाव. एका कामाच्या नावाची जागा दुसऱ्या कामाच्या नावानं घेतली.

आपली आडनावं तपासली तर त्यांत असे कितीतरी हुद्दे सापडतात. चिटणीस पत्रव्यवहार लिहायचे, पोतनीस तिजोरी सांभाळायचे, पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारे. कुलकर्णी गावचा हिशेब ठेवायचे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी कारभारातली पदनामं फारसीतून संस्कृतात आणवली. पेशव्यांचे पंतप्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, डबिरांचे सुमंत, सरनौबतांचे सेनापती. काम पूर्वीचंच होतं. पण नव्या राज्याला आपली भाषा, आपली ओळख हवी होती आणि ती माणसांच्या हुद्द्यांपासून सुरू झाली. पुढं इथल्या बावड्याच्या घराण्याला 'पंत अमात्य' हेच नाव कायमचं चिकटलं. पदनामाला मी क्षुल्लक बाब मानत नाही, ते यामुळं.

लोकांनी दिलेल्या नावांत मला एक गोष्ट सारखी दिसते. मृणाल गोरे यांनी गोरेगावात पाण्यासाठी मोर्चे काढले आणि त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. १९७७ मध्ये लोकसभेवर गेल्या तरी ते नाव सुटलं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावरान बियाणं जपतात. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'सीड मदर' म्हटलं आणि महाराष्ट्रानं त्याचं 'बीजमाता' केलं. पाणी आणि बाई. बी आणि आई. एक वस्तू, जी डोळ्यांना दिसते, आणि एक माणूस, ज्याच्याशी आपलं नातं लागतं. या दोन्ही गोष्टी ओळीत असल्या की ती ओळ पाठ करावी लागत नाही.

'सर्पमित्र' हा शब्द तर मला फार थोर वाटतो. घरात निघालेला साप न मारता धरून रानात सोडणाऱ्यासाठी आपल्याकडं नाव नव्हतं. गारुडी होता, पण तो खेळ करणारा. 'मित्र' या एका शब्दानं त्या कामाचा सगळा भाव सांगितला. आज खेड्यापाड्यांत सर्पमित्राचा नंबर लोक आवर्जून लिहून ठेवतात. काम नवं असेल आणि त्याला तयार शब्द नसेल तर नवा शब्द जरूर करावा. त्यात दोन ओळखीचे तुकडे जोडलेले असावेत, म्हणजे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तो उलगडतो.

कामाला नवं नाव देणं बाहेरच्या जगातही चाललेलं आहे. अमेरिकेतली 'मेक-अ-विश' ही संस्था गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करते. तिथल्या एका शाखेच्या प्रमुख बाईंनी कर्मचाऱ्यांना अधिकृत हुद्दा ठेवून जोडीला स्वतःचा एक हुद्दा स्वतः ठरवायला सांगितलं. त्या स्वतः 'इच्छांची परीराणी' झाल्या. ॲडम ग्रँट, जस्टिन बर्ग आणि डॅनियल केबल या संशोधकांनी याचा अभ्यास केला आणि २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका रुग्णालयात त्यांनी हाच प्रयोग करून पाहिला. तिथं संसर्गरोगाच्या डॉक्टरनं स्वतःसाठी 'जंतूंचा कर्दनकाळ' अशा अर्थाचं नाव घेतलं. अशा नावांमुळं कर्मचाऱ्यांचा मानसिक थकवा कमी झाल्याचं दिसलं आणि अनोळखी माणसाशी बोलणं सोपं झालं. मला यातला 'स्वतः ठरवलेला' हा भाग महत्त्वाचा वाटतो. कचेरीनं वरून वाटलेल्या गोड नावांनी असं काही होईल असं वाटत नाही. आणि परीराणी आपल्या मेळाव्यात चालेल असंही वाटत नाही. बँकेच्या शाखाधिकाऱ्यापुढं कर्जाचा कागद ठेवताना जे नाव सांगायला जीभ अडखळेल, ते कार्डावर घेऊ नये.

काही शब्द मात्र कोणी मागितले तरी मी छापत नाही. घरांची अंतर्गत सजावट करणारा एक तरुण नावाखाली 'आर्किटेक्ट' टाका म्हणाला. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. त्याला वाईट वाटलं. पण त्याचं खरं कौशल्य लहान घरात सामान बसवण्याचं होतं आणि शेवटी कार्डावर आलं 'दोन खोल्यांत चार माणसांचं घर बसवणारा'. त्याच्या कामाला हे नाव आर्किटेक्टपेक्षा जास्त शोभतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांमुळं 'अमुक खटल्यांचे तज्ज्ञ' असं पाटीवर किंवा कार्डावर लिहिता येत नाही. चार्टर्ड अकाउंटंट म्हणून व्यवसाय करणाऱ्यानं दुसरं पदनाम लावू नये, असं १९४९ चा कायदा सांगतो, त्यामुळं शेजारी 'कर सल्लागार' येत नाही. पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर किताबासारखे लावायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये स्पष्ट केलं. त्याचं मूळ संविधानाच्या कलम १८ मध्ये आहे, ज्यानं किताब रद्द केले आणि लष्करी व विद्याविषयक उपाध्या तेवढ्या ठेवल्या. तीन सिंहांची राजमुद्रा २००५ च्या कायद्यानं राखीव आहे. डॉक्टर लाल क्रॉस मागतात, तोही १९६० च्या कायद्यानं खासगी कार्डावर चालत नाही. हे सगळं छापखानेवाल्याला माहीत असलं पाहिजे. गिऱ्हाइकाला नको त्या जागी अडचणीत आणणारी ओळ आपल्या हातून जाऊ नये.

माझा ज्या शब्दावर जास्त राग आहे तो 'डॉक्टर'. मोबाइल डॉक्टर, चष्मा डॉक्टर, बॅटरी डॉक्टर. पहिल्यानं लावला तेव्हा त्यात कल्पना होती. आता प्रत्येक गल्लीत एक आहे, आणि कोणता कुठला ते कोणालाच सांगता येत नाही. 'गुरू' आणि 'एक्स्पर्ट' यांचंही तसंच झालंय. आणि आपल्याकडचे सुंदर शब्द पडून आहेत. गुऱ्हाळात काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ज्याच्या नजरेवर ठरतं, तो गुळव्या. तालमीत ज्याच्या शब्दाबाहेर पोरं जात नाहीत, तो वस्ताद. व्यायामशाळा चालवणाऱ्या एका पैलवानाला मी म्हटलं, अण्णा, 'फिटनेस कन्सल्टंट' कशाला, तुम्ही वस्ताद आहात. ते म्हणाले, "ताई, वस्ताद दुसऱ्यानं म्हणायचं असतं. आपण लावून घ्यायचं नसतं." मला ते इतकं पटलं की पुढं बोलले नाही. काही हुद्दे मिळवावे लागतात. कार्डावर 'सकाळी पाचला तालीम उघडणारे' असं छापलं, आणि वस्ताद हा शब्द त्यांच्या पोरांच्या तोंडीच राहू दिला.

माझ्या स्वतःच्या कार्डावर आता 'जुळारी' आहे. खाली बारीक अक्षरात 'कार्ड, पत्रिका आणि त्यांवरचे शब्द'. तरुण मुलं विचारतात, जुळारी म्हणजे काय? मग मी वडिलांचं काम सांगते आणि ओळख तिथूनच सुरू होते. अनोळखी शब्द घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच्या पाठीशी सांगण्यासारखी खरी गोष्ट पाहिजे, आणि लगेच खाली साधी ओळ पाहिजे. नुसत्या कोड्यापाशी घाईतला माणूस थांबत नाही.

परवा एक सूनबाई आल्या होत्या. घरात तीन पिढ्या पायताणं बनवतात. सासरे कातडं कापतात, तळ शिवतात, बायका वेण्या घालतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये आपल्या पायताणासारख्याच चपला झळकल्या, त्यांना तिथं नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं गेलं. गावाचं नाव नाही, हातांचं नाही. त्या वेळी घरात फार बोलणं झालं म्हणाल्या. आता त्या मुंबईच्या प्रदर्शनाला जाणार आहेत, तिथं परदेशातले खरेदीदार येतात. कार्डावर 'फाउंडर' हवं होतं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. लोक काय म्हणून फोन करतात?

"तसं काय म्हणत न्हाईत. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारतात आन् फोटो पाठवतात. ज्यांच्या पायाला दुकानातलं बसत न्हाई, तीच माणसं येतात. एका आजींचा अंगठा वाकडा हुता, त्यांचं करताना मी पायताणाचा कान जरा आत घेतला." बोलताना त्यांनी बोटानं टेबलावर पायाची रेघ ओढून दाखवली.

मी ते सगळं वहीत उतरवून घेतलंय. पाय, पेन्सिल, रेघ, कान आत घेणं. 'फाउंडर' खोडलेलं नाही, शेजारी ठेवलंय, कारण तीन पिढ्यांच्या घरात स्वतःच्या नावावर काही सुरू केल्याचा अभिमान त्या शब्दात आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. सोमवारी त्या सासऱ्यांना घेऊन येणार आहेत. प्रूफ तयार आहे, नावाखालची ओळ तेवढी मी अजून कोरी ठेवली आहे.